फवारणीचें विष आणि श्वासाचा पाट

फवारणीहून परतलेला गडी बांधावर बसतो. तोंडाला लाळ सुटते, छाती घरघरते. आणि भोंवतालचे लोक "ऊन लागलें" म्हणून त्यास लिंबाचें पाणी पाजीत बसतात. महसूल खात्यांतील कारकुनींत अशा मृत्यूंचे कागद आमच्या हातांखालून गेले आहेत. म्हणून हे चार शब्द लिहिणें आम्ही कर्तव्य समजतों.

श्वासनलिका आवळण्याचा निरोप मज्जातंतूंच्या द्वारें येतो. तंतूच्या टोकाशीं 'ॲसिटिलकोलीन' नांवाचें द्रव्य स्रवतें; त्यायोगें नळीचे स्नायू आकुंचन पावतात व कफ पाझरतो. तंतु अशा द्रव्याच्या द्वारें निरोप देतात, हें ऑटो लोवी यांनीं १९२१ सालीं बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविलें. परंतु हें द्रव्य बेतानेंच हवें. वाफा भरला कीं पाटकरी दार बंद करतो, त्याप्रमाणें द्रव्य वाढलें कीं तंतूच्या टोकावरील ग्राहक पुढील स्राव रोखतात. आणि स्रवलेलें द्रव्य 'कोलिनेस्टरेज' हें विकर क्षणार्धांत फोडून टाकतें. हें विकर म्हणजे पाणी काढून देणारा चरच होय.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस इत्यादि फॉस्फरसयुक्त औषधें नेमका हाच चर बुजवितात. मग नळी आवळते, कफानें भरते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, आणि मनुष्य कोरड्या रानांत बुडून मरतो. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक लोक दगावले, हें वाचकांस स्मरत असेलच.

या विषावर उतार आहे. 'ॲट्रोपीन' त्या द्रव्याची क्रिया अडवितें, व छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर तें देत राहतात. तें धोतऱ्यांतही असतें. पण म्हणून घरीं धोतरा देणें म्हणजे दुसरें विष पाजणें होय.

आमचें स्पष्ट मत असें कीं, औषध आणणारा मालक आणि पाठीवर पंप वाहणारा मजूर हे निराळे असतात, तेथें जबाबदारी मालकाची. नुसतें तोंडाला उपरणें बांधून भागत नाहीं. विष कातडींतूनही शिरतें. वाऱ्यास पाठ देऊनच फवारावें. बाधा दिसतांच भिजलेले कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें, आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन रोग्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

पीक बुडालें तर आणेवारी पाहून सूट मिळते. माणूस बुडाला तर ती कोणत्या खात्यावर लिहावी?