पिस्तूल लाखाचं, अडतंय मुठीपाशी

रत्नागिरी : पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं. त्याआधी मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यं मिळवली होती. घाटावरच्या खेड्यातला पोरगा तिथवर जातो, मग आपला का नाही, असं कोकणातही बोललं जाऊ लागलं. पण चौकशीला निघालेल्या पालकांची गाडी अडते ती पिस्तुलाच्या किमतीवर.

जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक वेगळी आणि स्पर्धेचं एअर पिस्तूल वेगळं. स्पर्धेचं पिस्तूल दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालतं. छरा ४.५ मिलिमीटरचा, वजन जास्तीत जास्त दीड किलो. चाप किमान अर्ध्या किलोचा हवा. तपासताना चापाला तेवढं वजन लावून पिस्तूल उभं उचलतात, चाप सुटला तर पिस्तूल बाद. १० मीटरवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं साडेअकरा मिलिमीटरचं. सव्वा तासात ६० नेम, तेही एका हाताने. मोरिनी, स्टायर, वाल्थर ही नावं चालतात, सगळी परदेशी. किंमत लाखाच्या पुढे.

एवढे पैसे घातले तरी गोष्ट संपत नाही. खरी मेख लाकडी मुठीत आहे. नेमबाजाने डोळे मिटून हात वर करायचा आणि डोळे उघडायचे. पुढची माशी मागच्या खाचेत बरोबर मध्ये दिसली तर मूठ हाताची. डावी-उजवीकडे दिसली तर मनगट वळवून जुळवावं लागतं, आणि पन्नासाव्या नेमाला तेच मनगट दगा देतं. म्हणून मोठे नेमबाज मूठ स्वतःच्या हाताला बेतून घेतात. कुठे कानशीने घासायची, कुठे पुट्टी भरायची, तळहाताखालची फळी वर-खाली करायची. नियम एवढाच, की मुठीने हाताच्या पलीकडे आधार द्यायचा नाही आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. हातात घड्याळ किंवा पट्टासुद्धा चालत नाही.

शिकणाऱ्या पोरांचं नुकसान इथंच होतं. एकच पिस्तूल दहा जणांच्या हातात फिरतं, मूठ मधल्या मापाची. तेरा वर्षांच्या मुलीची बोटं चापापर्यंत नीट पोचत नाहीत, ती हात सरकवून धरते आणि चुकीची सवय अंगात मुरते. मग 'हिला जमत नाही' असा शिक्का. खरं तर मूठ बदलता येते. लहान, मध्यम, मोठी, डावखुऱ्याची अशा सुट्ट्या मुठी मिळतात आणि नव्या पिस्तुलाच्या मानाने त्या फार स्वस्त पडतात. एका पिस्तुलामागे चार मुठी ठेवल्या तरी बराच प्रश्न सुटेल. शालेय स्पर्धेत नेमबाजी आहे, खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. जिल्ह्याच्या क्रीडा खर्चात मुठीला जागा मिळत नसेल तर ती मागायला हवी.

कोकणात लाकूडकामाला हात कमी नाहीत. परदेशी मुठी बहुतेक अक्रोडाच्या, पण शिसम-सागावर नक्षी काढणाऱ्या सुताराला हाताचं माप घेऊन मूठ घासणं अवघड जाऊ नये.

मात्र हे सगळं एअर पिस्तुलापुरतं. ४.५ मिलिमीटर छऱ्याच्या आणि २० जूलच्या आतल्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. २५ मीटरचं पिस्तूल पॉइंट बावीसचं, खऱ्या काडतुसाचं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सोनं घेतलं ते याच प्रकारात. त्याला परवाना हवा आणि दुरुस्तीही परवानाधारकाकडेच. मोबाईलवर व्हिडिओ बघून घरी किंवा लोहाराकडे 'कस्टम' पिस्तूल करायचं कुणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाकावं. विनापरवाना अग्निशस्त्र बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. नळी, चाप, आतलं यंत्र याला घरी हात लावायचा नाही.

बंदुकीच्या परवान्याची कटकट इथल्या शेतकऱ्याला नवी नाही. माकडं-डुकरांसाठी पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक असते आणि निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करण्याचा प्रश्न येतो. गेल्या लोकसभेला मतदान ७ मे २०२४ ला होतं, म्हणजे ऐन आंबा-काजूत. त्यामुळे 'बंदूक' म्हटलं की घरातली माणसं आधी पोलीस ठाण्याची पायरी आठवतात आणि मुलाला रेंजवर पाठवायला कचरतात. एअर पिस्तुलाला ती भीती लागू नाही, हे शाळेच्या पालकसभेत कुणी सांगत नाही.

यंत्राचा भरवसा किती धरायचा, हेही पाहावं. टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरच्याच पिस्तुलात भर स्पर्धेत बिघाड झाला. दुरुस्तीत सतरा-वीस मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली आणि अंतिम फेरी हुकली. तिच्याजवळ दुरुस्तीला माणसं होती. रत्नागिरीच्या पोराचं पिस्तूल बिघडलं तर आज ते घेऊन मुंबई-पुण्याची गाडी धरण्यावाचून फारसा इलाज नाही.