नियम कोण लिहिणार?

स्त्री संघटनांच्या बैठकीत घराचा विषय निघतो तो बहुधा हक्काच्या अंगाने. घराच्या कागदावर बाईचे नाव आहे का, नवऱ्याने बाहेर काढले तर तिने जायचे कुठे, पुनर्वसनाच्या यादीत परित्यक्तेला जागा आहे की नाही. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण त्या घराचा आराखडा कोण ठरवते, हे आपण वास्तुतज्ज्ञांवर सोडून देतो. आता ते सोडून चालणार नाही. आराखडा ठरवण्याची रीतच बदलते आहे आणि त्यात आपल्या मुलींच्या रोजगाराचा प्रश्नही गुंतलेला आहे.

या रीतीला कॉम्प्युटेशनल डिझाइन, म्हणजे संगणकीय रचना म्हणतात. संगणकावर नकाशा काढणे वेगळे. ते काम १९८२ साली ऑटोकॅड आल्यापासून चालू आहे. पेन्सिल गेली, माउस आला, एवढाच फरक. संगणकीय रचनेत माणूस नियम लिहितो. दोन इमारतींत इतके अंतर हवे, खिडकी इतकी मोठी हवी, तळमजल्यावर इतके तास ऊन हवे, असे सांगितले की यंत्र शेकडो मांडण्या करून दाखवते. एक आकडा बदलला की सगळी मांडणी बदलते. २००७ नंतर ग्रासहॉपरसारखी साधने आली आणि प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या वास्तुरचनाकारांनाही हे जमू लागले. आज मोठ्या ऑफिसांत या कामाची वेगळी पदे आहेत. पुण्यामुंबईतल्या कित्येक कंपन्या परदेशी इमारतींची संगणकीय प्रारूपे इथे बसून तयार करतात.

मुलींनी या वाटेला जावे का? जरूर जावे. आर्किटेक्चरच्या वर्गात आज मुली मुलांच्या बरोबरीने, कित्येक ठिकाणी त्यांच्याहून जास्त दिसतात. पण ऑफिसच्या पाटीवर नावे पुरुषांचीच जास्त. मधल्या काळात या मुली कुठे जातात? लग्न, बाळंतपण, रात्री उशिरापर्यंतचे काम ही कारणे आहेतच. त्यात साइटचे कारण मोठे. साइटवर घमेली वाहणारी बाई सगळ्यांना चालते. नकाशा हातात घेऊन कंत्राटदाराला 'हे पाडा आणि पुन्हा बांधा' असे सांगणारी बाई चालत नाही. अशा वेळी ज्या कामात बुद्धी आणि गणित लागते, ज्याची फाइल तपासता येते, त्या कामात बाईला डावलणे थोडे अवघड जाते. झाहा हदीद यांचे उदाहरण आहेच. बगदादमध्ये जन्मलेल्या या बाईंनी बैरुतला आधी गणिताचा अभ्यास केला, मग लंडनला वास्तुकलेचा. २००४ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. संगणकाच्या मदतीने साकारणाऱ्या वळणदार इमारतींशी त्यांच्या ऑफिसचे नाव आज कायमचे जोडले गेले आहे.

मात्र एका गोष्टीपासून सावध राहायला हवे. 'हे काम घरी बसून करता येते, मुलींना बरे' असे कौतुकाने सांगितले जाते. विड्या वळणे आणि पापड लाटणे हीसुद्धा घरी बसून करायचीच कामे आहेत. ज्या कामाला 'घरबसल्या' हे विशेषण चिकटते त्याचा मोबदला उतरतो, तास मोजले जात नाहीत आणि नाव कुणाचे लागत नाही, हा आपला जुना अनुभव आहे.

संगणकाच्या इतिहासातही हे घडलेले आहे. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हे यंत्र जगापुढे आले. त्याला काम कसे करायचे हे शिकवणाऱ्या सहा स्त्रिया होत्या. यंत्र बांधणारे पुरुष नावाजले गेले. या सहाजणींची नावे लोकांना कळायला काही दशके जावी लागली. तेव्हा प्रोग्रॅम लिहिणे कारकुनी समजले जात होते. पुढे त्यात पैसा आणि मान आला, तशा बायका मागे ढकलल्या गेल्या. वास्तुकलेतही तेच. १९९१ साली प्रिट्झकर पारितोषिक एकट्या रॉबर्ट व्हेंच्युरींना मिळाले. कामात बरोबरीच्या भागीदार असलेल्या त्यांच्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन यांना वगळले गेले. २०१३ साली हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी त्यासाठी सह्यांची मोहीम काढली, तरी निर्णय बदलला नाही.

म्हणून नुसते 'मुलींनी संगणक शिकावा' म्हणणे पुरेसे नाही. नियम लिहिणारी कोण आणि लिहिलेला नियम चालवणारी कोण, यात मोठी दरी आहे. तालुक्याच्या गावी आयटीआयमधून आरेखनाचा कोर्स केलेल्या, ऑटोकॅडचा क्लास लावून पोट भरणाऱ्या मुलींचा विचार आधी करायला हवा. तेच ते नकाशे पुन्हा पुन्हा काढण्याचे त्यांचे काम हे नवे तंत्र झपाट्याने गिळते आहे. शहरातल्या, परदेशी शिकून येऊ शकणाऱ्या मुलींची भरभराट आणि या मुलींची बेकारी, अशी वाटणी झाली तर तिला प्रगती म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा, यंत्राला आकडे कोण सांगतो? चंदीगड उभारणाऱ्या ल कॉर्बुझिए यांनी 'मोड्युलर' नावाची मापपद्धती बसवली. तिचा आधार होता सहा फुटी पुरुष. स्वयंपाकाचा ओटा, कपाटाचा वरचा कप्पा, जिन्याचा कठडा यांसाठी हेच शरीर प्रमाण धरले, तर यंत्र ती चूक हजार घरांत इमानाने उतरवील.

मुंबईत तर हा जिवाशी खेळ आहे. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लुभाई कंपाउंडमध्ये प्रकल्पग्रस्तांना एकमेकींना खेटलेल्या इमारतींत बसवले गेले. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. आणि त्याचा क्षयरोगाशी संबंध आहे, हे २०१८ साली पुढे आलेल्या पाहणीने दाखवले. अशा घरात दिवसभर कोण असते? स्वयंपाक करणारी, मूल सांभाळणारी, घरकाम उरकून येऊन शिवण करणारी बाई. आयआयटी मुंबईत असताना रोनिता बर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पुनर्वसन वसाहतींच्या मांडणीचा संगणकावर अभ्यास केला. ज्या साधनाने बिल्डर जास्तीत जास्त चौरस फूट काढतो, त्याच साधनाने बाईच्या खोलीत पोचणारे ऊनही मोजता येते. काय मोजायचे, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर आपल्या मुली हव्यात त्या यासाठी.

त्यासाठी काही मागण्या आपण लावून धरू. सरकारी आर्किटेक्चर कॉलेजे, तंत्रनिकेतने आणि आयटीआयमध्ये प्रोग्रॅमिंग हा नियमित विषय असावा. महागड्या खाजगी क्लासवर मुलींना विसंबावे लागू नये. मराठीतून शिकवणारे साहित्य असावे. प्रत्येक प्रकल्पावर काम करणाऱ्या सगळ्यांची नावे लागावीत. मुलींनीही एक ध्यानात ठेवावे: १९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' ही उपाधी नोंदणी केलेल्यांनाच वापरता येते, 'कॉम्प्युटेशनल डिझायनर' या बिरुदाला तसे संरक्षण नाही. तेव्हा नोंदणी सोडू नये.

पाच-सात माणसांच्या ऑफिसांचा प्रश्न वेगळा आहे. २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ऑफिसला लागू होत नाही. लैंगिक छळाची तक्रार मात्र अशा ऑफिसातली मुलगीही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करू शकते. हे किती जणींना माहीत आहे? ते पोचवणे आपले काम.

आणि वस्तीत पुनर्विकासाची बैठक लागेल तेव्हा 'किती फुटांचे घर?' एवढेच विचारून थांबू नये. 'तळमजल्यावर ऊन किती तास येणार, त्याचा हिशोब दाखवा,' असेही बायकांनी विचारावे. हिशोब करणारी मुलगी आणि तो मागणारी बाई यांची गाठ पडली, तर या तंत्राचा उपयोग होईल. ती गाठ घालून देणे संघटनांना सहज शक्य आहे.