प्रत, पाठ आणि बॅकअप

५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि तेथील ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. त्या घटनेची चर्चा बव्हंशी अस्मितेच्या राजकारणाच्या अंगाने झाली, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु तिच्यात एक रुक्ष, व्यावहारिक प्रश्नही दडलेला होता: ज्याची दुसरी प्रत नाही, असे काही एकाच इमारतीत ठेवणे कितपत शहाणपणाचे? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हाही नदीकाठच्या पेठांतील घरांबरोबर घरातले कागदपत्र गेले. आपत्ती माणसांकडून येवो वा पाण्याकडून, प्रश्न तोच राहतो.

आज या प्रश्नाला आपण एक सोपे उत्तर शोधून काढले आहे: स्कॅन करा. स्कॅन झाले की जतन झाले, असा समज विद्यापीठीय विभागांपासून वाङ्मयीन मंडळांपर्यंत सर्वत्र दिसतो. वस्तुतः कागदावरची एक प्रत हार्ड डिस्कवर आली, एवढेच घडलेले असते; आणि ती डिस्क बहुधा त्याच इमारतीत, त्याच कपाटात असते. बॅकअप हा केवळ संगणकवाल्यांचा विषय नाही, तो संहितासंपादनाचा विषय आहे, असे माझे म्हणणे आहे.

भांडारकर संस्थेच्याच कार्याकडे पाहावे. १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. हे शक्य झाले, कारण प्रती विखुरलेल्या होत्या: काश्मीरची शारदा लिपीतली परंपरा वेगळी, केरळातली मलयाळम लिपीतली वेगळी. एकीतला दोष दुसरीत शिरला नाही, म्हणूनच एक दुसरीची साक्षीदार होऊ शकली. बॅकअपचे तत्त्व हेच आहे. क्लाउडशी फाइली आपोआप जुळवून घेणे, ज्याला ‘सिंक’ म्हणतात, हा स्वतःहून बॅकअप नव्हे. कारण इथे चुकून पुसलेला मजकूर तिथेही पुसला जातो. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’सारखे खंडणीखोर विषाणू संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात. म्हणून किमान एक प्रत संगणकापासून तोडलेली, आणि निरनिराळ्या तारखांच्या जुन्या प्रतीही हाताशी हव्यात. जागाही निराळी हवी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, अशा ग्राहकांची मूळ प्रत आणि बॅकअप दोन्ही गेली.

यावर एक आक्षेप हमखास येतो. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली तरी लोकांच्या मुखी राहिली, तसे जे टिकायचे ते टिकतेच, असे म्हटले जाते. ही श्रद्धा सुंदर आहे, पण तिच्यावर व्यवस्था उभी करता येत नाही. ‘लीळाचरित्रा’चे उदाहरण अधिक बोलके आहे. म्हाइंभटाची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यपरंपरेने आठवणींतून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ परत मिळाला, पण हिराइसापाठ, पिढीपाठ अशा निरनिराळ्या पाठांच्या रूपाने. अभ्यासकाला पाठभेद प्रिय असतात हे खरे. परंतु स्वतःच्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण आठवणीतून सिद्ध करण्याची वेळ कोणालाही नको असते. शिवाय गाथा आणि लीळाचरित्र यांच्यामागे पाठांतर करणारा संप्रदाय उभा होता. एखाद्या अनियतकालिकाच्या फाइलींमागे तो नसतो.

महानुभावांकडून आणखी एक धडा घेता येतो. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमुळे त्यांचे ग्रंथ सुरक्षित राहिले; पण विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती येईपर्यंत ते बाहेरच्या वाचकाला अस्तित्वात नसल्यासारखेच होते. आपल्या अलीकडच्या मुद्रणाचीही हीच गत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रणालींतून मराठी मजकूर जुळवला जाई. त्या काळच्या फाइली उघडल्या, आणि तो विशिष्ट फाँट नसला, तर समोर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. अशा फाइलीच्या दहा प्रती ठेवल्या तरी ती वाचता येत नाही. म्हणून मूळ फाइलीबरोबर तिचे युनिकोड रूप, फाँट आणि छापील पानांची पीडीएफ ठेवणे आवश्यक आहे.

आणि प्रत आहे, एवढे ठाऊक असणेही पुरेसे नसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका तंत्रज्ञाकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी त्या निकामी निघाल्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावले. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही, हे पोथ्या हाताळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

व्यवस्था अवघड नाही. एकूण तीन प्रती, दोन निराळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. आठवड्यातून एकदा संपूर्ण प्रत, रोज रात्री केवळ बदललेल्या फाइलींची. हे वेळापत्रक संगणकालाच नेमून द्यावे, माणसाच्या आठवणीवर सोडू नये. महिन्याची प्रत वेगळी काढून डिस्क सुटी करून ठेवावी. प्रत्येक सत्राच्या शेवटी कोणत्याही दहा फाइली परक्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि तारखेसह नोंद करावी. मुख्य म्हणजे, हे काम कोणाचे, ते नावानिशी ठरलेले असावे. ‘विभागाचे’ काम कोणाचेच नसते.

सगळेच जपण्याच्या लायकीचे असते काय, असे कोणी विचारील. नसते. पण काय टाकायचे, हा निर्णय वाङ्मयीन विवेकाने व्हावा, नादुरुस्त डिस्कने नव्हे. पीएच.डी.च्या संशोधनपद्धतीच्या तासाला तळटीप कशी द्यावी, हे आपण आस्थेने शिकवतो. ज्या साधनाची तळटीप द्यायची, ते साधनच पुढच्या अभ्यासकाला उपलब्ध राहील याची तजवीज त्याच तासाला शिकवली गेली पाहिजे.