चोर कोल्हाच कशावरून?

प्राण्यांना माणसांचे कपडे घालून त्यांच्याकडून गुन्ह्यांचा तपास करवून घेणाऱ्या विनोदी चित्रकथा मुलांना फार आवडतात. शिक्षकांना त्या तितक्या आवडत नाहीत. दप्तरात असे पुस्तक सापडले की ते टेबलावर जमा होते, आणि "यात कसले आले आहे विज्ञान?" हा प्रश्नही ऐकावा लागतो. माझे मत थोडे वेगळे आहे. या कथांमध्ये विज्ञान भरपूर असू शकते. मात्र प्रत्येक कथेत ते असतेच असे नाही. ते आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. ती सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम एक चांगले उदाहरण घेऊ. मिकी माऊस आपल्याला पडद्यावरचा खोडकर उंदीर म्हणून ठाऊक आहे. परंतु अमेरिकेतील वर्तमानपत्रांत त्याची रोजची चित्रमालिकाही येत असे. फ्लॉइड गॉटफ्रेडसन या चित्रकाराने १९३० ते १९७५ अशी पंचेचाळीस वर्षे ती काढली. १९३९ मधील एका गाजलेल्या कथेत पोलीसप्रमुख ओ'हारा एक विचित्र प्रकरण मिकीकडे सोपवतात. शहरात कोणीतरी एका विशिष्ट प्रकारचे कॅमेरे चोरतो आहे, आणि चोरलेला कॅमेरा विकत नाही की वापरत नाही, तर लगेच फोडून टाकतो!

आता विचार करा. ज्याला कॅमेरा हवा आहे तो कॅमेरा फोडणार नाही. ज्याला केवळ नासधूस करायची आहे तो एकाच प्रकारचे कॅमेरे निवडणार नाही. मग शक्यता उरते ती ही की, त्याला कॅमेरा नकोच आहे. त्या प्रकारच्या कोणत्या तरी एका कॅमेऱ्यात लपवलेली वस्तू हवी आहे, आणि तो कॅमेरा नेमका कोणता हे त्याला माहीत नाही. गोष्टीत तसेच निघते. एका कॅमेऱ्यात एक गुप्त सूत्र दडवलेले असते. शेरलॉक होम्सच्या १९०४ मधील एका कथेत नेपोलियनचे पुतळे असेच फोडले जातात. मिकी उंदीर असला तरी येथे विचार करण्याची पद्धत शास्त्रज्ञाचीच आहे: निरीक्षण, गृहीतक, आणि न जुळणारी गृहीतके बाजूला सारणे.

या कथेचा आणखी एक विशेष आहे. तिच्यातला खलनायक 'फँटम ब्लॉट' नखशिखान्त काळ्या बुरख्यात असतो. आत कुत्रा आहे, मांजर आहे की आणखी कोणी, हे दिसतच नाही. त्यामुळे त्याची कृत्ये आणि त्याने मागे ठेवलेल्या खुणा यांखेरीज वाचकाच्या हाती काही उरत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. कार्ल बार्क्स या चित्रकाराने १९५१ मध्ये 'बीगल बॉईज' ही चोरांची टोळी निर्माण केली. अंकल स्क्रूज या बदकाची तिजोरी फोडणे हा त्यांचा उद्योग. सगळे एकसारखे दिसणारे. वेगळेपण एवढेच की प्रत्येकाच्या छातीवर १, ६ आणि ७ या अंकांची उलटसुलट मांडणी असलेला कैदी क्रमांक असतो. हे संपूर्ण कुटुंबच चोरांचे. कथा अतिशय गमतीदार आहेत, मीही त्या हसत वाचतो. पण येथे तपास करावाच लागत नाही. बीगल दिसला म्हणजे चोर सापडला!

आपल्याकडेही कोल्हा लबाड आणि गाढव मूर्ख हे पंचतंत्राच्या काळापासून ठरून गेले आहे. अनंत पै यांनी १९८० मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'टिंकल'मध्ये एक चांगला बदल दिसला. एरवी बदनाम असलेला कावळा तेथे 'कालिया' या नावाने हुशार रक्षणकर्ता झाला. पण कोल्ह्याची मात्र सुटका झाली नाही. तेथेही तो कपटीच राहिला.

कोणी म्हणेल, "सर, चित्रकथेत जागा थोडी असते. कोल्ह्याचे तोंड काढले की स्वभाव सांगायला चार ओळी लागत नाहीत." हे मला मान्य आहे. ही चित्रकाराची लघुलिपी आहे आणि विनोदी गोष्टीत ती शोभते. परंतु हेरकथेचा मूळ प्रश्नच "हे कोणी केले?" असा असतो. त्याचे उत्तर तोंडावर लिहिलेले असेल, तर वाचकाने विचार करायचा तो कशाचा?

हा दोष केवळ कागदावर राहता तर मी एवढे लिहिले नसते. इटलीतील लोम्ब्रोसो या वैद्याने १८७६ मध्ये असे प्रतिपादन केले की, जन्मजात गुन्हेगार जबडा, कपाळ, कान यांच्या ठेवणीवरून ओळखता येतात. हे मत पुष्कळ काळ विज्ञान म्हणून मिरवले. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली आणि जे कैदी नव्हते अशा विद्यार्थ्यांशी व सैनिकांशी त्यांची तुलना केली. १९१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला की, गुन्हेगाराचा असा काही वेगळा शारीरिक नमुना नसतो. लोम्ब्रोसोचे अनुमान या तुलनेपुढे टिकले नाही.

आपल्या देशात तर याहून वाईट घडले. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. जन्मलेल्या मुलाने काहीही केलेले नसताना त्याच्या कपाळी तो शिक्का बसे. सोलापूरला अशा कुटुंबांची तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालाकडे पाहण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. छातीवर क्रमांक घेऊनच जन्मलेले बीगल आणि हा कायदा यांच्यामागचा विचार एकच आहे. फरक एवढाच की, तिकडे हसू येते आणि इकडे माणसे भरडली जातात.

आधी संशय आणि मग पुरावा, हा क्रम किती फसवा असतो हे खऱ्या प्राण्यानेही शिकवले आहे. बर्लिनमध्ये 'हुशार हान्स' नावाचा घोडा खुरांनी ठोके देऊन गणिते सोडवी. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर घोड्यालाही ते येत नाही. विचारणाऱ्याच्या नकळत त्याच्या डोक्याची किंचित हालचाल होई, आणि घोडा ती बरोबर टिपे. उत्तर घोड्याचे नव्हते, विचारणाऱ्याचे होते.

प्रयोगशाळेत मी हेच दरवर्षी पाहतो. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवे हे पुस्तकातून आधीच कळलेले असते. मग ९.२ आले की आंदोलने पुन्हा मोजण्याऐवजी वहीतले आकडे सरकवले जातात. निकाल आधी आणि वाचने मागाहून! कोल्ह्याला पाहून चोर ठरवणारा हेर आणि हा विद्यार्थी, दोघे एकाच वर्गातले.

आता ती कसोटी. कोणतीही प्राणी-हेरकथा वाचून झाली की मनात मुखवटे बदला. कोल्ह्याच्या जागी ससा ठेवा, सशाच्या जागी कोल्हा. कथेतला तर्क जसाच्या तसा टिकला, चोर त्याच पुराव्यांनी पकडला गेला, तर कथा उत्तम. तर्क कोसळला, तर तेथे तपास झालाच नव्हता. पदार्थविज्ञानात आपण असेच करतो: एक गोष्ट बदलतो आणि बाकीचे काय होते ते पाहतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. पुस्तक जप्त करण्याऐवजी एखादा तास त्याला द्या. कथा शेवटाच्या आधी थांबवा आणि मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा: काय दिसले, त्यावरून काय वाटले, आणि ते खरे की खोटे हे कशाने ठरेल. पहिला आणि दुसरा रकाना वेगळे ठेवणे हे वाटते तितके सोपे नाही. मोठ्यांनाही ते जड जाते.

आणि विद्यार्थीमित्रांनो, वर्गात एखाद्याची कंपासपेटी हरवली की सगळ्यांच्या नजरा एकदम कोणाकडे वळतात, हे पुढच्या वेळी नीट पाहा. त्या मुलाविरुद्ध पुरावा काय आहे, हे मोठ्याने विचारा. तोच खरा हेर, आणि तोच खरा विज्ञानाचा विद्यार्थी.