थकव्याला कोणती फूटपट्टी?

रुग्ण स्वत:च्या पायांनी तपासणीला येतो, नीट बोलतो, रक्ताचे अहवालही ठीक निघतात. मग ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून त्याची बोळवण होते. दुसऱ्या दिवशी हाच माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, हे पाहायला तेथे कोणी नसते. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजाराबद्दलचा सारा वाद, माझ्या मते, या न दिसणाऱ्या दुसऱ्या दिवसाचा आहे.

श्रमानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी प्रकृती ढासळणे हे या आजाराचे मुख्य लक्षण. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ च्या अहवालात ते निदानासाठी आवश्यक ठरवले. कोविडनंतर दीर्घकाळ आजारी राहिलेल्या अनेकांतही ते आढळते. अशा रुग्णाची कार्यक्षमता एका भेटीत मोजणे म्हणजे भरतीच्या वेळी समुद्र पाहून ओहोटीचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

माप चुकले की धोरण कसे चुकते, हे ब्रिटनने दाखवून दिले. तेथील ‘पेस’ या ६४१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. क्रमाक्रमाने व्यायाम वाढवल्यास रुग्ण सुधारतात, असा त्यांचा सूर होता. शारीरिक क्षमतेचे गुण रुग्णांनी स्वत: प्रश्नावलीत भरले होते. शंभरापैकी ६५ किंवा कमी गुण असणाऱ्यालाच चाचणीत प्रवेश होता. २०१३ च्या लेखात मात्र ‘बरे होण्या’च्या निकषांत याच गुणांची मर्यादा ६० धरली गेली. म्हणजे ६५ वरून ६० वर घसरलेला रुग्णही या एका निकषापुरता बरा! सहा मिनिटांत चालण्याचे अंतर व्यायामगटात सरासरी ३१२ मीटरवरून वर्षाअखेर ३७९ मीटरवर गेले. ताशी चार किलोमीटरही न भरणारी ही चाल सरासरी अडतीस वर्षांच्या माणसांची होती. संशोधकांनी आपल्या निष्कर्षांचे समर्थनच केले. परंतु २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने मूळ आकडेवारी खुली झाली आणि २०२१ मध्ये ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेने व्यायाम ठराविक टप्प्यांनी वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली.

मग खरे माप कोणते? तोंडाला मुखवटा लावून सायकल चालवायची, प्राणवायूचा वापर मोजायचा आणि चोवीस तासांनी तीच चाचणी पुन्हा करायची, ही एक पद्धत. बैठे काम करणाऱ्या निरोगी माणसाचे आकडे दोन्ही दिवशी जवळपास सारखे येतात. अनेक रुग्णांचे दुसऱ्या दिवशी घसरतात. रुग्णाने पुरेसा जोर लावला की नाही, हेही श्वासातील वायूंच्या प्रमाणावरून कळते. त्यामुळे ‘ढोंग’ हा आरोप टिकत नाही. पण या पुराव्याची किंमत रुग्णच मोजतो. चाचणीनंतर त्याला सावरायला अनेक दिवस लागू शकतात, आणि अंथरुणाला खिळलेल्याला तर ती देताच येत नाही. सर्वांत आजारी माणूसच पुराव्याविना राहावा, हा कुठला न्याय?

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व नोंदले आहे. त्यात या आजाराचे नाव नाही. आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. ज्याची क्षमता सोमवारी एक आणि बुधवारी दुसरीच असते, त्याचे टक्के कोणत्या दिवशी काढायचे?

मला वाटते, उत्तर महागड्या यंत्रात नाही. रुग्ण दिवसाचे किती तास उभा वा बसता राहू शकतो, किती पावले चालतो, आणि आज केलेले काम उद्याही करू शकतो का, याची काही आठवड्यांची नोंद ठेवता येते. त्यासाठी डॉक्टरांनी आणि दाखला देणाऱ्यांनी ‘तुम्हाला हे करता येते का?’ एवढ्यावर न थांबता ‘केल्यावर पुढे काय होते?’ असेही विचारायला हवे. या दुसऱ्या प्रश्नाला खर्च नाही. पण तो विचारला जात नाही तोवर या रुग्णांच्या पदरी संशयच पडत राहणार.