देवाला नमस्कार करा, पण लस आधी घ्या!

कुत्रा चावल्यावर काही जण आधी मंत्र घालून घेतात आणि मग दवाखान्यात येतात. वर विचारतात, "डॉक्टर, तुमचा देवावर विश्वास नाही का?" अहो, प्रश्न देवाचा नाहीच, वेळेचा आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा, लगेच लस घ्या, रक्त आलं असेल तर सीरमही घ्या.

मग मंत्रानं गुण कसा येतो? चावणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो, बहुतेक साप बिनविषारी असतात. वाचलेल्यांचं श्रेय मांत्रिकाला. जो दगावतो, त्याचं नशीब!

आपल्या पुण्यातच 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांचा विरोध देवाला नव्हता, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला होता. त्याच वर्षीच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. पूजा, यात्रा, कीर्तन यांना त्यात मनाई नाही.

आम्हा डॉक्टरांचंही चुकतं. रुग्णाच्या हातातल्या गंड्याला आपण हसलो, की तो खरं सांगायचं थांबतो.

तेव्हा दगडूशेठला नवस जरूर बोला. फक्त तो दवाखान्यातून परत येताना बोला!