पबमेडवर 'शोधलं' म्हणजे खरंच शोधलं का? भावी डॉक्टरांचं हे कौशल्य तपासतात कसं?

जून २००१. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याशी संबंधित एका प्रयोगात २४ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. ती रुग्ण नव्हती. तिथेच तंत्रज्ञ म्हणून काम करायची आणि स्वयंसेवक म्हणून प्रयोगात सामील झाली होती. हेक्सामेथोनियम नावाचं औषध तिला श्वासावाटे दिलं गेलं आणि तिची फुफ्फुसं निकामी झाली.

संशोधकांनी आधी संदर्भ बघितले नव्हते का? बघितले होते, पाठ्यपुस्तकंही आणि पबमेडही. पण पबमेडवर तेव्हा १९६६ पासूनचेच लेख मिळायचे. या औषधाने फुफ्फुसांना इजा होऊ शकते, असं सांगणारे लेख १९५० च्या दशकातले. ते ग्रंथालयात होते, स्क्रीनवर नव्हते.

आज पबमेडवर साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. त्यामुळे अडचण उलटी झालीय: सापडतं खूप, हवं ते निसटतं. एकाच आजाराला कुणी 'हार्ट अटॅक' म्हणतं, कुणी 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. म्हणून लेखांना 'मेश' नावाच्या ठरावीक विषयसंज्ञा जोडलेल्या असतात. त्या कशा वापरायच्या, 'अँड' कुठे आणि 'ऑर' कुठे लावायचं, हे शिकावं लागतं. गुगलची सवय इथे फारशी कामाला येत नाही.

मग हे येतं की नाही, ते तपासायचं कसं? "तुम्हाला शोधता येतं का?" असं विचारून उपयोग नाही. स्वतःबद्दलचा अंदाज आणि खरं कौशल्य यांचा मेळ बसतोच असं नाही. २००३ मध्ये जगासमोर आलेल्या 'फ्रेस्नो' चाचणीत विद्यार्थ्याला रुग्णाचा प्रसंग देतात. त्यातून नेमका प्रश्न मांडायचा, माहिती कुठे शोधाल ते लिहायचं, कोणते शब्द वापराल आणि का, हेही लिहायचं. आणखी एक पद्धत म्हणजे प्रत्यक्ष सर्च करायला लावणं. जाणकाराने आधीच काढून ठेवलेल्या उपयुक्त लेखांपैकी विद्यार्थ्याला किती सापडले आणि त्यासोबत कचरा किती आला, हे मोजतात.

भारतात एमडी, एमएस करणाऱ्यांना थीसिस लिहावा लागतो, शिवाय संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्सही सक्तीचा आहे. कोर्सची परीक्षा बहुपर्यायी असते. 'मेश म्हणजे काय' याला बरोबर टिक करणं आणि रात्री दोन वाजता वॉर्डातल्या रुग्णासाठी योग्य लेख शोधून काढणं, यात बराच फरक आहे. थीसिसमधलं 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' हे प्रकरण खरी कसोटी ठरू शकतं, पण शेवटी दिसते ती संदर्भांची यादी. ती कशी जमली, सर्च कोणता केला, काय गाळलं, हे यादीवरून कळत नाही. त्यात आता एआय चॅटबॉट आलेत, जे कधीकधी अस्तित्वातच नसलेले लेख लेखकांच्या नावांसकट देतात.

यावर एक साधा उपाय आहे. थीसिससोबत सर्चचा पूर्ण तपशील मागायचा: डेटाबेस, तारीख, वापरलेले शब्द, मिळालेले लेख. पबमेड ही हिस्टरी स्वतःच दाखवतं. पण ती वाचून गुण द्यायला माणूस लागतो आणि त्याला वेळ लागतो. ओपीडी सांभाळणाऱ्या गाइडकडे तो वेळ क्वचितच असतो. वैद्यकीय ग्रंथपाल हे काम चांगलं करू शकतात, फक्त थीसिसवर सही त्यांची लागत नाही.